जमीन, खोली, कंपनी: कारेगावच्या औद्योगिकीकरणाला प्रस्तावना

औद्योगिकीकरणाचा इतिहास शाळेत शिकवतात तो इंग्लंडपासून सुरू होतो. आधी सूत कातायची यंत्रं, मग वाफेचं इंजिन, मग गिरण्या, धुरकट शहरं, कामगारांच्या चाळी, संघटना, कायदे. क्रम ठरलेला असतो आणि परीक्षेत तो तसाच लिहावा लागतो. शिरूर तालुक्यातल्या कारेगावात बसून हाच क्रम लावू गेलं तर पहिल्याच पायरीला अडतं. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या या गावाच्या शिवारात कारखाने आले १९९०च्या दशकात. कारखान्यांच्या जगाचा पहिला दणका मात्र त्याच्या सव्वाशे वर्षं आधीच बसला होता, आणि तो इथून फार लांब नाही, याच तालुक्यातल्या कर्डे गावात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तोवर अमेरिकेतून यायचा, तो आटला. गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं, मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला आणि त्याचे पाट दख्खनच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचले. सावकारांनी हात सैल सोडला. त्याच सुमारास जीआयपी रेल्वेचं काम जोरात होतं. १८५८ सालीच गाडी पुण्याच्या पुढे दौंडवरून दिकसाळपर्यंत धावू लागली होती, त्या कामांवरच्या मजुरीचा रोकडा पैसाही गावात खेळत होता. १८६५ साली युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बोटींवर चढला, भाव पडले. इकडे नव्या आकारणीत शेतसारा वाढलेला आणि कर्ज जसंच्या तसं अंगावर.

डिसेंबर १८७४ मध्ये कर्ड्यातल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावकऱ्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेतं कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, न्हावी दाढी करेना. बहिष्काराचं लोण आसपास पसरलं, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात खतं-दस्तऐवज जाळले गेले. दख्खनचे दंगे म्हणून आपण जे शिकतो ते हेच. पुढे चौकशी आयोग बसला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. इतिहासाची पुस्तकं हा प्रसंग ‘शेतकऱ्यांचे उठाव’ या प्रकरणात घालतात. मी तो औद्योगिकीकरणाच्या खात्यात मांडतो. गिरणीचं एक चाक न पाहिलेल्या माणसाचं घर चार हजार मैलांवरच्या गिरण्यांच्या भुकेपायी आधी कर्जात आणि मग ढिगाऱ्यात गेलं. यंत्र या तालुक्यात पहिल्यांदा आलं ते भावाच्या रूपाने.

त्यानंतरची शंभर वर्षं उद्योग इथे आला नाही, माणसंच उद्योगाकडे गेली. शिरूर हा पर्जन्यछायेतला तालुका. बाजरी, शाळू, मटकी, हुलगे. पाऊस झाला तर झाला. मुंबईत १८५०च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि घाटावरची माणसं भायखळा-परळच्या चाळींत जाऊन राहू लागली. त्या माणसांचं गाऱ्हाणं सरकारदरबारी मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचं घराणंही मूळचं पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरचं. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवार सगळ्यांनाच निसर्गनियमासारखा वाटतो. तो सहा वर्षांच्या अर्जविनंत्यांतून आणि सभांमधून आला, हे ध्यानात ठेवून मग कारेगावातलं फिरत्या शिफ्टचं कॅलेंडर बघावं. तिथे साप्ताहिक सुट्टी कोणाला सोमवारी मिळते तर कोणाला बुधवारी, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या चौघांना एका दिवशी सुट्टी असली तर तो सण असतो.

मुंबईची ती वाट १९८२च्या संपानंतर बुजली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. कित्येक कुटुंबं गावाकडे परतली. त्याआधी ७२चा दुष्काळ होऊन गेला होता. खडी फोडणारी आणि सुकडी खाणारी पिढी अजून हयात आहे. या दोन आठवणी पुढच्या साऱ्या कथेच्या तळाशी आहेत. एमआयडीसी येणार म्हटल्यावर कारेगाव-ढोकसांगवीच्या लोकांनी काय विचार केला, हे या आठवणींशिवाय कळत नाही.

मधल्या काळात दुसऱ्या एका धर्तीचं औद्योगिकीकरण पुणे जिल्ह्यात चाललं होतं, त्याबद्दल थोडक्यात. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने. त्यांत ऊस घालणारा शेतकरी सभासद होता. निवडणूक लढवायचा, भावासाठी भांडायचा, कारखाना तोट्यात गेला तर त्याच्याच नावाने बोटं मोडायचा. या कारखान्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांचं गुणगान करायचं कारण नाही. पण शेतकरी आणि यंत्र यांच्यात तिथे काही नातं होतं. भांडायला का होईना, कारखान्याच्या दारात शेतकऱ्याला पाय टाकता यायचा. कारेगावच्या शिवारातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत गेटपास लागतो.

ही वसाहत इथेच का झाली? एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची. पुण्याच्या बाजूला पिंपरी, चिंचवड, भोसरी भरत आल्यावर नवी जागा हवी होती, आणि शहराबाहेर लांब जाणाऱ्या उद्योगांना जास्त सवलत हे राज्याचं धोरणच होतं. दौंडला रेल्वेचं जंक्शन आहे, दौंड–मनमाड मार्ग तर १८७८पासूनचा. तिथल्या कुरकुंभला वसाहत झाली, ती मुख्यतः रसायनांची. शिरूरला आजही रेल्वे नाही. मग घरगुती उपकरणं आणि मोटारींचे मोठे कारखाने रेल्वे नसलेल्या तालुक्यात कसे आले? उत्तर रस्त्यात आणि बंदरात आहे. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं, १९९१ साली आयातीचे आणि परदेशी भांडवलाचे निर्बंध सैल झाले, आणि कंटेनर ट्रेलरवर चढवून थेट कारखान्याच्या दारात नेणं सोपं झालं. शिरूरची (घोडनदीची) छावणी आणि पुणं यांना जोडणारा, १८१८च्या आधीपासून फौजांच्या पायाखालचा रस्ता या नव्या कामाला उपयोगी पडला. इटलीची फियाट, अमेरिकेची व्हर्लपूल, कोरियाची एलजी, चीनची हायर, शिवाय आयटीसी, काररारो, बेकार्ट आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी युनिटं. जीपची कंपास ही गाडी २०१७ साली इथून बाहेर पडली. फ्रीज बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या एका वसाहतीत आहेत. ज्या शिवारात उन्हाळ्यात रांजणातलं पाणी हीच चैन होती तिथून देशभर फ्रीज जातात, हा विनोद गावातले लोक स्वतःच करतात. मी फक्त नोंदवतो.

आता जमीन. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१चा, आणि त्यातलं ३२ क्रमांकाचं कलम इथल्या आजोबांना तोंडपाठ असतं. ३२(२)ची नोटीस आली म्हणजे म्हणणं मांडायचं, ३२(१)ची अधिसूचना निघाली म्हणजे संपलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एमआयडीसीचा शिक्का बसतो, मग ती जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, विहीर पाडावी की नाही हे कळत नाही. भाव ठरेपर्यंत आणि पैसे हातात पडेपर्यंत हे असंच लोंबकळत राहतं. नोटीस ते मोबदला या मधल्या काळाविषयी लोक जास्त कडवटपणे बोलतात. जमीन गेल्याविषयी त्या मानाने कमी. कारण जमीन कोरडवाहू होती, आणि खडी फोडलेल्या माणसाला कोरडवाहू जमिनीचा मोह किती असणार? दुसऱ्या बाजूला, गेलेली जमीन कोणाकोणाची होती तेही पाहावं लागतं. कागदावर नाव असलेल्याला मोबदला मिळाला. वाट्याने करणाऱ्याला, बांधावर शेरडं चारणाऱ्याला, सुगीला खुरपायला जाणाऱ्या बाईला काही मिळालं नाही, मिळण्याची तरतूदही नव्हती. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. माहेर तुटायला नको म्हणून केल्या, असं त्या सांगतात.

मोबदल्याचं काय झालं याच्या दंतकथा फार झाल्या आहेत. बोलेरो घेतली, लग्नं केली, ढाब्यावर उडवले. तसं करणारे होते. पण ज्यांचा हिशेब मी नीट पाहिला त्यांतल्या बऱ्याच जणांनी दौंड किंवा श्रीगोंद्याकडे कालव्याखालची जमीन घेतली, आणि उरलेल्या पैशात गावठाणाला लागून असलेल्या स्वतःच्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या. या खोल्यांपाशी मला या पुस्तकाचं सूत्र सापडलं.

पाठ्यपुस्तकाच्या क्रमात जमीन सुटलेला शेतकरी कामगार होतो. इंग्लंडात तसं झालं, मुंबईच्या गिरण्यांतही बव्हंशी तसंच. कारेगावात जमीन सुटलेला शेतकरी घरमालक झाला. त्याचा मुलगा कंपनीत लागला असेलही, त्यासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन त्याने खेटेही घातले असतील. पण घराचा पाया खोल्यांच्या भाड्यावर उभा राहिला. कामगार झाला तो दुसराच. बीड, नांदेड, लातूर, यवतमाळकडचा आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचा शेतकऱ्याचा मुलगा, ज्याची जमीन कोणी घेतली नाही पण जिच्यावर भागतही नाही. म्हणजे एका शेतकऱ्याची जमीन कारखान्याखाली गेली आणि दुसऱ्या शेतकऱ्याचे हात कारखान्यात गेले. दोघांची गाठ पडते ती दर महिन्याच्या दहा तारखेला, भाड्याच्या वेळी.

खोली दहा बाय दहाची. ओळीने आठ-दहा, वर पत्रा किंवा स्लॅब, टोकाला दोन संडास, एक बाथरूम, गच्चीवर काळी टाकी. लाइटबिलाला सबमीटर. खोलीत तिघं किंवा चौघं. एक फर्स्टला, एक सेकंडला, एक नाइटला असले तर गादी एकच पुरते. दाराच्या खिळ्यावर कंपनीचा युनिफॉर्म, खाली सेफ्टी शूज, आणि पाच किलोच्या सिलिंडरवर भात. बाकीच्यांचा डबा मेसमधून येतो. मेस चालवणाऱ्या बायका बहुतेक गावातल्या किंवा आधी खोलीत भाड्याने आलेल्या आणि मग इथेच राहिलेल्या. कारेगाव फाट्यावर संध्याकाळी बस थांबल्या की फुटपाथ दिसत नाही. मोबाइल रिचार्ज, अंडाभुर्जी, चायनीज, जुने कपडे, दाढीची दुकानं. वसाहतीच्या कुंपणाबाहेरची ही सगळी अर्थव्यवस्था कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नसते, पण तिच्यावाचून एकही शिफ्ट वेळेवर सुरू होणार नाही.

कुंपणाच्या आत काय चालतं हेही जवळून पाहावं लागतं, नाहीतर तंत्रज्ञान बदललं असं म्हणून आपण पुढे सरकतो. फ्रीजचं उदाहरण घेऊ. रंगवलेल्या पोलादी पत्र्याला यंत्र वाकवून बाहेरचं कवच बनवतं. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढली की आतला डबा तयार. कवच आणि डबा यांच्या मधल्या पोकळीत दोन रसायनं एकत्र करून सोडतात. ती काही क्षणांत फुगतात आणि थोड्या मिनिटांत घट्ट होतात. तोवर तो सांगाडा चहूबाजूंनी जिगमध्ये आवळलेला असतो, कारण फोमचा दाब पत्र्याला पोट आणतो. फोम कमी पडला तर पोकळी राहते आणि तिथे पुढे घाम फुटतो. मग कॉम्प्रेसर बसतो, तांब्याच्या नळ्या जोडतात, आतली हवा पंपाने ओढून घेतात, गॅस भरतात, गळती तपासतात. या साखळीत बहुतेक ठिकाणी माणसाला चार हालचाली करायच्या असतात आणि त्या समोरच्या कागदावर चित्रासह लावलेल्या असतात. नवा पोरगा दोन दिवसांत शिकतो. अपवाद ब्रेझिंगचा. तिथे ज्योत किती धरायची, तांबं कुठल्या लालीला आलं की भरणीची कांडी लावायची, हे कागद सांगू शकत नाही. चांगला ब्रेझर गेला की सुपरवायझर हळहळतो. चार हालचालीवाला गेला तर बहुतेकदा नावही आठवत नाही.

गावातल्या लोहाराचं काम आठवणारे लोक अजून आहेत. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची म्हणजे लोखंडी कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, चाकावर ठोकून बसवायचं, वरून पाणी ओतायचं. कडं आकसतं आणि लाकूड आवळून धरतं. कडं किती कमी घ्यायचं हे लोहाराच्या डोक्यात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम त्याचं, वेळही त्याची, आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपात. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हाच ही व्यवस्था कशी खिळखिळी झाली आहे हे दाखवून दिलं होतं, तेव्हा तिच्याविषयी उमाळे काढण्यात अर्थ नाही. जात बदलता येत नव्हती म्हणून धंदा बदलता येत नव्हता. लोहाराच्या नातवाला आयटीआय करून ब्रेझर होता आलं हा फायदा खरा आहे. तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. कडं किती कमी घ्यायचं हे ज्ञान पूर्वी माणसाजवळ होतं, त्यामुळे माणूस लागायचा. आता ते यंत्रात आणि भिंतीवरच्या कागदात आहे, आणि त्यामुळे कोणताही माणूस चालतो.

कंत्राटी कामगारावर कारखाना कसा चालतो, हे कोडं इथे उलगडतं. १९१३ मध्ये हेन्री फोर्डने डेट्रॉइटजवळ हलती लाइन सुरू केली तेव्हा एका गाडीच्या सांगाड्याची जोडणी बारा-साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आली. कामगार कंटाळून इतके सोडून जाऊ लागले की जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट मजुरी जाहीर केली. रांजणगावच्या पट्ट्यातही माणसं सोडून जातात, पण त्यापायी पगार दुप्पट होत नाही. ठेकेदार मराठवाड्यातून नवी गाडी भरून आणतो. १९७० साली कंत्राटी कामगार कायदा झाला, १९६१चा अप्रेंटिस कायदा आहे, २०१३ नंतर शिकाऊंसाठी आणखी योजना निघाल्या. प्रत्येकीचा हेतू चांगला सांगता येतो. गेटवर मात्र त्यांतून एक उतरंड तयार झाली आहे: पर्मनंट, कंपनी ट्रेनी, अप्रेंटिस, ठेकेदाराचा. टोपीच्या किंवा शर्टाच्या रंगावरून कोण कुठला ते लांबून कळतं. लग्नाच्या बाजारात हा फरक आणखी स्पष्ट होतो. मुलगा कंपनीत आहे म्हटल्यावर मुलीकडचे लगेच विचारतात, पर्मनंट का?

बायकांचं प्रकरण या पुस्तकात मोठं झालं आहे, आणि ते तसंच ठेवलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक जोडणीसाठी मुली घेतात, त्यांच्या बोटांचं कौतुक करतात आणि तेवढ्यावर थांबतात. कारखाने अधिनियमाने रात्रपाळीला स्त्रियांना मज्जाव होता. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने वाहतूक आणि सुरक्षेच्या अटी घालून ती वाट मोकळी केली. गावात यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. पण खुरपणीला जाणाऱ्या आईला रोज संध्याकाळी मजुरी हातात मिळायची आणि ती घरी येईपर्यंत संपायची. मुलीचा पगार बँकेत येतो आणि पिन तिलाच माहीत असतो. यामुळे घराघरांत काय काय झालं ते तिच्या तोंडून वाचलेलं बरं.

राजकारणाला मी कमी जागा दिली आहे, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. भंगाराचा ठेका, लेबरचा ठेका, बसचा ठेका, पाण्याचे टँकर. जुन्या काळी पाटीलकी कोणाकडे यावरून गावात गट पडायचे, आता ठेका कोणाकडे यावरून पडतात, आणि कधीकधी प्रकरण हाणामारीवर जातं. त्यातली खोच एवढीच की सरकारच्या नियमात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. कारेगावच्या हिशेबात ज्याची जमीन गेली तो. नांदेडचा पोरगा पहिल्या हिशेबाने स्थानिक, दुसऱ्या हिशेबाने भाडेकरू. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत त्याचं नाव असावं की नसावं हा वाद या दोन हिशेबांच्या मधोमध चालतो. पाणी, कचरा आणि संडास यांचा भार मात्र पंचायतीवर पडतो तो डोक्यांच्या संख्येवर, नावांच्या यादीवर नाही.

२०२२ साली केंद्र सरकारने रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं क्लस्टर मंजूर केलं. शेजारी पारनेर तालुक्यात सुप्याची वसाहत वाढते आहे. (हे सुपे नगरकडचं, दंगा झाला ते सुपे बारामतीकडे. नावांच्या या गोंधळात चांगले चांगले फसतात.) तिथल्या काही गावांतले लोक कारेगावात येऊन खोल्यांचं गणित विचारून जातात: किती गुंठ्यांत किती खोल्या बसतात, संडास कुठे काढला, भाडेकरू रिकामी करून गेला तर किती दिवसांत दुसरा मिळतो.

आता वाचकाला दोन सूचना. पुढच्या प्रकरणांत बोलणाऱ्यांची नावं कुठेच दिलेली नाहीत, कंपन्यांचीही त्यांच्या तोंडी आलेली नावं गाळली आहेत. बोलणारे बहुतेक जण आजही नोकरीत किंवा आजही भाडेकरू आहेत. आणि प्रकरणं जमीन, कंपनी, खोली अशा क्रमाने लावली असली तरी खोल्यांचं प्रकरण आधी वाचलं तर बाकीची लवकर उमगतील.